साठीनंतर: एक डबल बेड की दोन कॉट?

मुलं आपापल्या मार्गाला लागली, बेडरूम रंगवायला काढली की हा विषय निघतोच. पर्याय तीन: आहे तोच डबल बेड, त्याच खोलीत दोन सिंगल कॉट, नाहीतर सरळ दोन खोल्या.

डबल बेडवर सलग गादीऐवजी ३-३ फुटांच्या दोन गाद्या टाकल्या की निम्मी कटकट मिटते म्हणतात. बऱ्यापैकी खरं आहे, पण खालची प्लाय एकच; एकाने कूस बदलली की करकर दोघांना ऐकू येते. पांघरुणाची ओढाताण मात्र दोन सिंगल चादरी घेऊन टळते. सोलापुरात राहून एका चादरीवरून भांडणं तसंही शोभत नाही.

खरी गोची मच्छरदाणीची. पिंपातल्या साठवलेल्या पाण्यात वाढणारे डास दिवसा चावतात. रात्रीचे क्युलेक्स गटारातून येतात, आणि हत्तीरोग पसरवतात ते हेच. म्हणजे मच्छरदाणी हवीच. त्यात या वयात रात्री दोन-तीनदा उठणं आलं. बेड भिंतीला लावलेला असेल तर आतल्या बाजूच्या माणसाला पायथ्याकडे सरकत यावं लागतं, गादीखाली खोचलेली कड उपसावी लागते. परत आल्यावर आतून ती नीट खोचली जात नाही, कारण गुडघ्यांवर ओणवं होणं जमत नाही. तेवढ्यात दोन डास आत. मग दिवा, टाळ्या, दोघंही जागे. अंधारात कडेत पाय अडकून पडायची भीती वेगळीच. दोन कॉट, दोन मच्छरदाण्या केल्या की ज्याचे डास त्याला.

१० बाय १० च्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींना ३ फुटी कॉट लावल्या तर मध्ये ४ फूट वाट राहते. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत धगधगते. तिच्यापासून कॉट अर्धा फूट पुढे घ्यावी. कूलरच्या झोतात ज्याला सोसतं तो, गुडघे दुखणारा बाजूला. काठावर बसून गादी दबली की पावलं फरशीला पूर्ण टेकावीत, उंची साधारण १८ इंच. लोखंडी कॉटच्या पायांना रबरी बूच बसवून घ्या, नाहीतर नेमकी उठताना सरकते.

दोन खोल्यांचा विचार बहुधा घोरण्यामुळे येतो. झोप फारच सावध असेल तर तेही ठीक. पण घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर खोली बदलून भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं. आणि तो अडकलेला श्वास ऐकायला जवळ कुणी लागतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री उतरली, घाम फुटून बरळायला लागला, तर ४ फुटांवरून कळतं, भिंतीपलीकडून नाही. दोन खोल्याच हव्या असतील तर निदान वायरलेस बेल घ्यावी: बटण एकाच्या उशाशी, घंटा दुसऱ्याच्या. एकाच जोडीने भागत नाही, दोन लागतात.

"भांडण झालं का?" असं पाहुणे विचारतात. चहा होईपर्यंत विसरतात.

तरी ठरत नसेल तर जुना बेड विकण्याआधी एक फोल्डिंग कॉट टाकून महिनाभर बघावं. फक्त मे महिना धरू नका, तेव्हा बरेचजण गच्चीवरच झोपतात.