अर्टिगाचे पुढचे ब्रेक पॅड: एक अख्खा पावसाळा आणि कुंभार्ली घाटानंतर

मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आमच्या सीएनजी अर्टिगाचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. आता थंडी पडली आहे. मधल्या काळात गाडी चिपळूणच्या पावसात उभी राहिली, चिखलातून गेली आणि कराडला जाता-येता कुंभार्ली घाट चढली-उतरली. पॅड बसवल्या दिवशी सगळेच चांगले वाटतात, म्हणून एवढे महिने थांबून लिहितोय.

पॅड मारुतीचे मूळचेच घेतले. त्याआधी बाजारातले स्वस्त होते, जवळजवळ निम्म्या किमतीचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते थांबवायचे, पण गार असताना पकड कमी, चाकांवर काळी भुकटी भरपूर आणि सिग्नलला गाडी थांबत आली की चीं चीं. शेवटी शेवटी डिस्कवर (पॅड जिला दाबतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती) नखाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या. नशीब, डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाच्या वर होती, त्यामुळे लेथवर हलकीशी घासून तीच वापरता आली.

खरी गोष्ट जुने पॅड बाहेर काढल्यावर कळली. उजव्या चाकाचे दोन्ही सारखे झिजलेले. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड अजून चांगला ५-६ मिलिमीटर आणि आतला जेमतेम २. मिस्त्रींनी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हाताने हलवून बघितला आणि म्हणाले, "दादा, दोष पॅडचा नाही. पिन धरलीय."

अर्टिगाला पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर आहे. पिस्टन फक्त आतला पॅड दाबतो. मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. पिन गंजली किंवा तिचं ग्रीस वाळलं की हे सरकणं बंद होतं आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. आमची खालची पिन बाहेर काढायला पान्याने चांगलंच झगडावं लागलं. निघाली तेव्हा तिच्यावर तांबूस गंज आणि वाळून कडक झालेल्या ग्रीसचा थर होता, टोकाचं रबर फुगलेलं होतं. आधी कोणीतरी तिथे साधं ग्रीस भरलं होतं. साध्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं. इथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं. छोटीशी ट्यूब मिळते, पण बरेच ठिकाणी ती वापरतच नाहीत. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथल्या गाडीला नवीन पॅडपेक्षा या दोन पिना जास्त महत्त्वाच्या आहेत, असं माझं ठाम मत झालंय.

काम समोर उभं राहून करून घ्या. चाक काढल्यावर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू देऊ नका, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावायला सांगा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत सोडू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. पिस्टन आत दाबताना ब्रेक ऑइल वर चढतं, तेव्हा टाकीवर लक्ष हवं. सांडलं तर रंग खातं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला पाय थेट तळाला जातो. गॅरेजच्या दारातच अपघात होतात ते यामुळे.

त्याच दिवशी मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १५ पर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं बऱ्याच वेळा केलं. त्यानंतर पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळलं. डिस्कवर पॅडचा एकसारखा थर बसायला एवढं लागतंच.

आता अनुभव. पकड पहिल्या दाबापासून आहे आणि पेडलवरून नेमकी कळते. चीं चीं पूर्ण गेली. रात्रभर पाऊस पडला की सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर येते. तो डिस्कवरचा गंज आहे, निघून जातो, घाबरू नये. भुकटी अजूनही पडते, पण चाक पुसलं की जाते.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. मागच्या सीटमागे ६० लिटरची सीएनजी टाकी, सात माणसं आणि गावाकडचं सामान धरलं की ही गाडी पावणेदोन टनांच्या आसपास जाते, आणि उतारावर त्यातला बराच भार पुढच्या चाकांवर येतो. जुने पॅड असताना घाटाच्या पायथ्याच्या पोफळीला पोचेपर्यंत जळका वास यायचा आणि पेडल कडक असूनही गाडी पुढे रेटल्यासारखी वाटायची. ते पॅड तापल्याचं लक्षण. पेडलच मऊ पडून खाली जायला लागलं तर मात्र ऑइल उकळतंय असं समजा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो असं ते मानक. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं, म्हणून पॅडबरोबरच ऑइल बदलून ब्रेकच्या पाइपातली हवा काढून घेतली.

आता भरल्या गाडीनेही वास येत नाही. श्रेय सगळं पॅडचं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरतो आणि ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. आईला मागे बसून घाटात मळमळायचं, तेही या शांत उतरण्याने कमी झालंय.

दिवाळीनंतर चाकं काढून बघितली. चारही पॅड सारखे झिजलेत, दोन्हीकडच्या पिना बोटाने सरकतात. खालच्या पिनेच्या रबरी टोपीत बारीक माती शिरलेली दिसली, ती पुसून नवीन ग्रीस लावलं. टोपीला चीर नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी दोन्हीकडच्या टोप्या बदलणार आहे, आणि तेव्हाच मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून लायनर (तिथे पॅडचं काम करणारं अस्तर) बघायचेत.