मर्फीचा व्हॉल्व्ह सेट घ्यावा की जुना ट्रान्झिस्टर?

'बर्फी' बघितल्यापासून मर्फीचा रेडिओ पाहिजे म्हणणारे खूप जण भेटतात आणि ते साहजिकच आहे, त्यात हिरोचं नावच मर्फी, जाहिरातीतल्या त्या मर्फी मुन्नावरून ठेवलेलं. मलाही अगदी तसाच, ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा जुना सेट हवा होता. तो घेतला, आणि पुढे फिलिप्सचा सत्तरच्या दशकातला लाकडी कॅबिनेटवाला ट्रान्झिस्टर पण घेतला, बरेच दिवस दोन्ही एकाच खोलीत वापरले. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. नुसता शोकेसमधे ठेवायचा असेल तर डोळे झाकून मर्फी घ्या, त्याच्यासारखा दुसरा दिसत नाही. आतलं सगळं उपसून ब्लूटूथ बसवलेले सेट पण बाजारात मिळतात, ते मी इथे धरतच नाहीये, चांगल्या रेडिओचं असं केलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं.

आवाजाचं आधी सांगतो, कारण तिथे व्हॉल्व्ह सेट सरळ जिंकतो. मोठा स्पीकर, जाड लाकूड, लावला की आधी डायल उजळते, मग अर्ध्या मिनिटाने आवाज हळूहळू वर येतो, आणि जुनं नाट्यगीत लागलेलं असेल तर हार्मोनियमचा खालचा सूर असा भरून येतो की माझ्या ट्रान्झिस्टरला ते कधीच जमलं नाही. बातम्या, मुलाखती, श्रुतिका यात मला फार फरक वाटला नाही. डायलवर सिलोन, दिल्ली, लंडन अशी गावांची नावं, मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारी काचेची नळी) असेल तर तो हिरवा उजेड, हे सगळं वेगळंच आहे, मान्य.

घेताना मात्र मागचं झाकण काढून बघाच. आत पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का आणि व्हॉल्व्हचे नंबर ईने सुरू होतात का यूने, एवढं बघायचं. ईसीएच ८१ वगैरे असेल आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर ठीक. यूसीएच ८१, यूसीएल ८२ असे असतील तर तो एसी-डीसी सेट, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची एक वायर थेट चेसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि प्लग उलटा लागला की सगळी चेसिस फेजवर, म्हणजे तिच्यात करंट. अशा सेटची नॉब निघालेली असेल तर आतल्या दांड्याला हात लागला तरी शॉक बसू शकतो, घरात लहान मुलं असतील तर मी तरी तो घेणार नाही. आणि कुठलाही असला तरी दुकानदार म्हणाला 'चालू आहे' म्हणून घरी येऊन थेट प्लगात घालू नका, आधी सिरीज बल्बवर लावा, म्हणजे मेन्स आणि सेटच्या मधे एक साधा बल्ब जोडून, आत शॉर्ट असेल तर बल्ब करंट अडवतो. जुने कागदी कपॅसिटर लीक होतात, त्यातला आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या नळीच्या) ग्रिडवरचा एक खराब असला की तो महागडा व्हॉल्व्हच गरम होऊन जातो, कपॅसिटर मात्र चिल्लर किमतीचा असतो. तेवढे बदलून घेतले की सेट पुष्कळ वर्षं साथ देतो. मर्फीची फॅक्टरी ठाण्याला होती, त्यामुळेही असेल, पण आपल्याकडे हे सेट उघडायला न घाबरणारे जुने मेकॅनिक अजून सापडतात.

इथपर्यंत माझंही पारडं मर्फीकडेच होतं. गोष्ट फिरली ती संध्याकाळी.

दिवसा आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागायचं. संध्याकाळी बिल्डिंगमधले एलईडी बल्ब, सेट टॉप बॉक्स, चार्जर, इन्व्हर्टर सगळं सुरू झालं की मीडियम वेव्हवर एक सलग खर्रर्र चालू व्हायची, ती थांबायचीच नाही. आमच्या घरातलं सगळं बंद करून बघितलं, थोडी कमी झाली, पण वरच्या आणि शेजारच्या फ्लॅटचं काय करणार? व्हॉल्व्ह सेटला एरिअल लागते, आणि खोलीत ताणलेली ती तांब्याच्या जाळीची पट्टी स्टेशन जितकं पकडते तितकीच ही खरखर पण पकडते, वर मेन्सच्या वायरीतून येते ती वेगळीच. खरा उपाय म्हणजे गच्चीवर लांब उंच वायर आणि चांगलं अर्थिंग, पण आमच्या सोसायटीत गच्चीवर वायर टाकायला परवानगी मिळाली नाही. मग उरतं काय तर सेट उचलून दुसरीकडे नेणं, आणि हा तर प्लगपाशी बांधलेला, जड, दोन हातांनी उचलायचा.

त्याच वेळी ट्रान्झिस्टर घेऊन गॅलरीत गेलो आणि उभ्या उभ्या थोडा फिरवला, एका कोनात खरखर जवळजवळ गायब, स्टेशन तसंच. याचं कारण सोपं आहे, आत जी फेराइटची कांडी असते ती आपल्या दोन्ही टोकांच्या दिशेने जवळपास बहिरी असते, त्यामुळे टोक गोंगाटाकडे वळवलं की गोंगाट पडतो, स्टेशन त्याच दिशेला नसलं म्हणजे झालं. शिवाय सेलवर चालतो म्हणजे मेन्समधून येणारी घाण नाहीच. तुमच्या बिल्डिंगमधे कदाचित एवढा त्रास नसेलही, पण शहरातल्या फ्लॅटमधे राहणाऱ्या ज्या ज्या ओळखीच्यांकडे मी जुना रेडिओ ऐकला तिथे थोडंफार हेच होतं.

ट्रान्झिस्टरच्या पण कटकटी आहेतच. विसरलेले सेल पाझरून पट्ट्या हिरव्या झालेल्या असतात, व्हॉल्यूम खरखरतो (तो स्प्रेने सुधारतो), डायलची दोरी घसरते. साठच्या दशकातला असेल तर आतल्या सर्किटमधे एएफ ११७ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर (सुटे भाग) असतात, त्यांच्या पत्र्याच्या टोपीत आतल्या आत बारीक धातूचे केस वाढून शॉर्ट होतं आणि रेडिओ मुका होतो. चौथा पाय, म्हणजे टोपीला जोडलेला, तो कापला की पुष्कळदा परत बोलायला लागतो, मेकॅनिकला एवढं सांगून ठेवा. एफएम बहुतेक दोन्हीत नसतं, शॉर्ट वेव्हवर आता फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा त्या दोन मुद्द्यांवर कुठलाच पुढे मागे नाही.

माझा मर्फी आता गावी दादाकडे आहे. तिथे उतरत्या कौलांचं स्वतःचं घर, अंगणात माडाला बांधलेली वायर, शेजार लांब, आणि तो तिथे फार सुंदर वाजतो. तुमचं तसं घर असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही, उलट मर्फीच घ्या म्हणेन. फ्लॅटमधे राहून रोज ऐकणार असाल तर मात्र मला वाटतं लाकडी ट्रान्झिस्टर बघा, फिलिप्सचे कमांडर, जवान असे मिळतात, बुशचे पण चांगले असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजारात जाताना सेल आपले घेऊन जा, पुण्यात असाल तर तिथेच ७९२ लावून बघा, मुंबईत असाल तर ५५८, आणि सेट हातात धरून सावकाश गोल फिरवा. फिरवताना आवाज कमी-जास्त होत असेल तर कांडी आणि तिची कॉइल शाबूत आहे, बाकीचं दुरुस्त होतं.