४० मिमी हायड्रोजन-अल्फा दुर्बीण: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्यूनिंगची कडी सैल झाली आणि दुर्बीण दुरुस्तीसाठी परदेशी पाठवण्याचा सारा खर्च वॉरंटी असूनही विक्रेत्याने माझ्याच माथी मारला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ही दुर्बीण सूर्यप्रकाशातून हायड्रोजनच्या लाल रेषेभोवतीची केवळ ०.७ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) रुंदीची पट्टी आत सोडते, आणि ट्यूनिंगची कडी ही पट्टी किंचित निळ्या वा लाल बाजूला सरकवते.

कोथरूडच्या गच्चीवर स्लॅब तापण्याआधी प्रतिमा सर्वांत स्थिर मिळते. सूर्यबिंबाच्या कडेचे प्रॉमिनन्स (बाहेर झेपावलेले उजळ झोत) आरंभापासून उत्तम दिसले. बिंबावरचे फिलामेंट (काळ्या रेघा) मात्र फिकट वाटत, म्हणून पहिले काही आठवडे मी दुर्बिणीला मध्यम दर्जाचीच मानत होते. वास्तविक दोन्ही एकच: दहा लाख केल्विनहून तप्त करोनात (सूर्याच्या बाह्य वातावरणात) तरंगणारा, सुमारे आठ हजार केल्विनचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू). किपेनहान आणि श्ल्यूटर या शास्त्रज्ञांच्या १९५७ च्या प्रतिमानानुसार चुंबकीय रेषांच्या खोलगट भागात तो तोलला जातो. करोनाहून शंभरेक पट थंड आणि साधारण तितकेच पट अधिक दाट असल्याने त्याचा दाब भोवतालाशी जुळतो, आणि उष्णता चुंबकीय रेषांना आडवी जवळजवळ वाहतच नसल्याने शेजारची धग त्याला लागत नाही. कडेला काळ्या आकाशासमोर तो उजळ दिसतो. बिंबावर खालून येणारा प्रकाश तो इतर दिशांना विखुरतो, म्हणून काळी रेघ दिसते.

ही रेघ ठळक दिसणे कडीवरच अवलंबून आहे, आणि माझे मत बदलले तेही कडीमुळेच. एका सकाळी ठळक फिलामेंट पाहता पाहता नाहीसा झाला. कडी निळ्या बाजूला फिरवताच तो पुन्हा दिसू लागला. आपल्या दिशेने सेकंदाला ३० किमी वेगाने येणाऱ्या प्लाझ्माची हायड्रोजन-रेषा निळ्या बाजूला सुमारे ०.६६ अँगस्ट्रॉम सरकते, म्हणजे पट्टीच्या बाहेर जाते. फिलामेंट विरला नव्हता, उसळत होता, आणि हे गच्चीवरून कळले याचा आनंद आजही ओसरलेला नाही. सुमारे दोनशे किमी रुंदीचे त्याचे धागे ४० मिमीत दिसणार नाहीत, परंतु या किमतीत ती अपेक्षाही नाही.

म्हणूनच सैल कडीचा इतका संताप येतो. आता एटॅलॉनचा (पट्टी निवडणाऱ्या फिल्टरचा) कल आपोआप सरकतो, आणि फिलामेंट फिका पडला तर तो खरोखर उसळतो आहे की कडी घसरली आहे, हे सांगताच येत नाही. दुर्बिणीचे सर्वांत मोलाचे काम एका स्वस्त भागाने निकामी केले आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून मी तात्पुरते निभावत आहे; वाहतुकीचे पैसे मात्र भरणार नाही. नव्याने घेणाऱ्यांनी दुकानातच कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवावी आणि हात काढल्यावर ती सरकते का, हे पाहूनच पैसे द्यावेत.