कडेला १२ मिमी, आत ८: वेल्डिंग टेबलात झालेली फसवणूक

घरच्या शेडमध्ये गेट, ग्रिल, खिडक्यांच्या चौकटी अशी कामं करणाऱ्यांनी आणि आयटीआयमधून बाहेर पडून पहिलं टेबल करून घेणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावं. ही लबाडी व्हर्नियरलाही (जाडी मोजायच्या साधनालाही) चकवते.

नाशिकला औद्योगिक वसाहतीजवळच्या एका फॅब्रिकेटरकडे मी ४ बाय ३ फुटांचं वेल्डिंग टेबल करायला दिलं. वर १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेट, खाली ५० बाय ५० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप; हे त्याने स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. दर किलोवर ठरला. टेबल घरी आलं तेव्हा कडेला व्हर्नियर लावला, बरोबर १२ भरले. पायांची तोंडं पत्रा लावून बंद केलेली, त्यामुळे पाइपची जाडी बघायला वाव नव्हता. माथ्यावर काळा ऑइलपेंट. "गंज धरू नये म्हणून मारलाय साहेब," असं कारण मिळालं.

वेल्डिंग टेबलाच्या माथ्याला रंग मारतच नाहीत. रंगावर अर्थिंग (वेल्डिंगच्या करंटची परतीची जोडणी) नीट लागत नाही, आणि रंग जळाला की धूर थेट नाकात जातो. गंजाचं भय असेल तर तेलाचा हात पुरतो.

काम सुरू झालं आणि त्रास दिसू लागला. गेटची चौकट टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके) मारताना गुण्यात, म्हणजे काटकोनात असायची, पूर्ण वेल्ड झाल्यावर कर्ण जुळत नसत. सरळपट्टी ठेवली तर प्लेट मधोमध दबलेली. पुढे क्लॅम्पसाठी भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल फार लवकर आरपार गेलं. भोकात व्हर्नियरची खोली मोजायची पट्टी सोडली: ८ मिमी.

मग ग्राइंडरने रंग काढला. चारही कडांपासून जेमतेम बोटभर आत वेल्डची रेघ निघाली, घासून सपाट केलेली. प्लेट होती ८ मिमीची आणि तिच्याभोवती १२ मिमीची चौकोनी सळई जोडलेली. बाहेरून मोजाल तेव्हा मोजमाप त्या सळईचंच मिळणार! वरची पातळी एकसारखी ठेवल्यामुळे खाली ४ मिमीची पोकळी राहिली होती. म्हणजे मधले आडवे पाइप प्लेटला टेकतच नव्हते, सगळा भार कडेवर. शिवाय चहूबाजूंनी वेल्ड मारल्यामुळे प्लेट आधीच ओढली गेलेली. प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १२ ऐवजी ८ मिमी म्हणजे ताठपणा एक तृतीयांशाहूनही कमी. अशा टेबलावर कितीही कसबी हात असला तरी चौकट सरळ निघणं कठीण, आणि नवशिक्या मुलगा दोष स्वतःच्या हाताला देत बसतो. मला सर्वांत जास्त चीड याची आली.

पायाचं झाकण कापलं, पाइप २ मिमीचा. ५० बाय ५० चा ३ मिमी पाइप मीटरला सुमारे सव्वाचार किलो भरतो, २ मिमीचा सुमारे तीन. बिल लावलं होतं 'हिशेबी वजनावर', १६२ किलोंचं. भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर टेबल ११४ किलो भरलं.

हा हिशेब कोणालाही जमतो. एक चौरस मीटर पोलाद दर मिमी जाडीला ७.८५ किलो. ४ बाय ३ फूट म्हणजे साधारण १.११५ चौरस मीटर. १२ मिमीची प्लेट १०५ किलो भरायला हवी, ८ मिमीची ७० च. म्हणून पैसे काट्यावरच्या वजनाचे द्यायचे, आणि काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा मुदत न संपलेला शिक्का आहे का ते बघायचं. रंग लावण्यापूर्वी टेबल बघायला जायचं. पायांची तोंडं उघडी ठेवायला सांगायची. क्लॅम्पची भोकं समोर उभं राहून पाडून घ्यायची, जाडी तिथेच मोजता येते. माथ्यावर हातोडी वाजवून बघा. आडव्या पाइपच्या बरोबर वर आवाज भरीव येत नसेल तर खाली वाकून पत्र्याची पट्टी फटीत सरकते का बघा. जमलं तर प्लेट आपणच पोलादाच्या व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलावर घ्यावी आणि हीट नंबरसह (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेट मागावं.

फॅब्रिकेटर म्हणाला, "हेवी टेबल सांगितलं होतं, हेवीच दिलंय." बिलावर जाडीचा उल्लेख नाही, पण व्हॉट्सॲपचा मजकूर माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. तोवर टेबल दुरुस्त करत नाही. ते भोक, रंग काढलेली कड आणि काट्याची पावती, सगळं पुरावा म्हणून जसंच्या तसं ठेवलं आहे.