ऑटिझममध्ये बोलण्याची थेरपी: मोकळं समुपदेशन की बदल केलेली सीबीटी?

निदान हातात आलं की जो तो सांगतो, "काउन्सिलिंग सुरू करा." कशासाठी, हे आधी ठरवा. बोलून ऑटिझम जात नाही. जाईल म्हणणाऱ्याकडे पाऊलही टाकू नका. सोबत येणारी चिंता आणि निराशा मात्र बोलण्याच्या थेरपीनं कमी होऊ शकते.

मोकळ्या समुपदेशनाला आम्ही सतरा वर्षांच्या लेकाला चार महिने नेलं. "आज कसं वाटतंय?" या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं: "पंखा आवाज करतोय." तो टाळत नव्हता, त्याला तेच जाणवत होतं. छातीत धडधडतंय हे कळलं तरी ती भीती आहे की राग, हे बऱ्याच स्वमग्न व्यक्तींना उमगत नाही. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. अशांना मोकळा प्रश्न फार जड जातो. उशिरा निदान झालेल्या, आपलं आपण मांडू शकणाऱ्या प्रौढांना मात्र ही पद्धत मानवू शकते.

सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीत, एकेक अडचण घेऊन ठरलेल्या पायऱ्यांनी जातात. पण ती पुस्तकातल्यासारखी जशीच्या तशी नको. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या 'नाइस' संस्थेची प्रौढांसाठीची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते: लिहून, चित्रं काढून समजवा, उपमा टाळा, मध्ये विश्रांती द्या, घरच्या माणसाला सामील करा, आवडीचा विषय वापरा. आमच्याकडे आवडीचा विषय पीएमटी, म्हणजे पुण्याच्या सिटी बस. सीबीटीच्या नव्या ताईंनी चिंतेची पट्टी बसथांब्यांची केली: कात्रज म्हणजे शांत, स्वारगेट म्हणजे आता सहन होत नाही. पद्मावती या दोघांच्या मधला थांबा. हल्ली तो स्वयंपाकघरात येऊन सांगतो, "पद्मावती आली." मी कुकरखालचा गॅस बंद करते. सतरा वर्षांत पहिल्यांदाच मला वेळेत कळतंय.

म्हणून माझा कौल सीबीटीला. मूल बोलत नसेल तर दोन्ही थांबू देत. आधी स्पीच थेरपिस्ट गाठा आणि चित्रं किंवा टॅबवरून संवाद बसवा.

खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, ऑटिझम त्यात येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. त्यात संकोच कसला? भेट शक्यतो सकाळची घ्या, संध्याकाळच्या कर्वे रोडवरून हॉर्न ऐकत पोचलेलं मूल तिथे काय बोलणार?

आणि पहिल्याच दिवशी पंखा बंद करायला सांगा. समोरचा माणूस काय करतो, ते बघा.