जुन्या वॅगनला उंची हवी आणि मऊपणाही: स्प्रिंग-शॉकअपच्या एका संचाबद्दल

मी मधमाश्यांच्या पेट्या वाहते, तेही बहुतेक कच्च्या रस्त्यांवरून. त्यामुळे गाडीकडून माझ्या मागण्या दोनच आहेत. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर गाडीखालचं इंजिनच्या तेलाचं चेंबर घासू नये आणि चौकटीतलं पोळं तुटू नये. नव्या मेणाचं, मधाने जड झालेलं पोळं एका जोरदार दणक्यात चौकटीतून सुटतं. पेट्या ठेवताना चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवायच्या, म्हणजे ब्रेक लावल्यावर पोळी एकमेकींवर आपटत नाहीत. आडव्या धक्क्यावर हा उपाय चालतो, पण खालून येणारा दणका स्प्रिंगनेच गिळायला हवा.

माझी वॅगन जुनी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई), आणि मूळ स्प्रिंगा इतक्या बसलेल्या की डिकी भरली की मागचं टोक खाली लोंबायचं. इंजिन ठणठणीत, गंज नाही, म्हणून गाडी बदलायचा प्रश्नच नव्हता. उंच एसयूव्ही मला नको, कारण तिच्या डिकीत भरलेली पेटी कमरेच्या वर उचलावी लागते, आणि मधाने भरलेली मोठी पेटी तीस किलोच्या पुढे जाते.

चौकशी सुरू केल्यावर पहिला सल्ला ठरलेलाच मिळाला: "ताई, स्प्रिंगेत रबरं टाकून देतो, दोन इंच उचलेल." उचलेल हे खरं आहे. पण वेढ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढे वेढे कामातून जातात, आणि चालू वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. गाडी उंच होते आणि पोळी जास्त तुटतात. स्प्रिंगेखाली किंवा स्ट्रटच्या माथ्यावर बसवायचे स्पेसर त्यापेक्षा बरे. ते कडकपणा वाढवत नाहीत, पण कमीही करत नाहीत. जिची गाडी मुळात मऊ आहे आणि फक्त खाली घासते, तिने स्पेसर घ्यावेत आणि पुढचं वाचू नये.

मला दोन्ही हवं होतं, आणि साध्या स्प्रिंगेत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मऊ स्प्रिंग त्याच वजनाखाली जास्त दबते, म्हणजे गाडी आणखी खाली येते. सित्रोएन या फ्रेंच कंपनीने 1955 मध्ये डीएस ही गाडी आणली, तिच्यात स्प्रिंगेचं काम वायू करतो आणि उंची तेलाच्या दाबाने राखली जाते, त्यामुळे लिव्हर सरकवला की गाडी मऊपणा न गमावता वर उठते. आपल्याकडे लोखंडी वेढे. त्यात एकच मार्ग राहतो, तार बारीक आणि स्प्रिंग लांब.

मी घेतलेला संच नेमका तसाच आहे. चार स्प्रिंगा, चार ट्विन-ट्यूब गॅस शॉकअप (नळीत नळी असलेले, वायू भरलेले), माथ्याची माउंटिंगं आणि बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की शेवटचा दणका झेलणारी रबरं). पुढची मूळ तार 13 मिमीची होती, नवी 12.5 ची. अर्ध्या मिलिमीटरने काय होणार, असं वाटतं, पण स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून बाकी मापं तीच ठेवली तर ती सुमारे पंधरा टक्के मऊ होते. मूळ स्प्रिंग गाडीच्या वजनाने 12 सेंमी दबत असेल तर ही 14 दबणार. वर 3 सेंमी उंची हवी, म्हणजे मोकळी लांबी 5 सेंमी जास्त लागते. संचातली स्प्रिंग मोजली, जवळजवळ तेवढीच निघाली. बनवणाऱ्याने हिशेब केलाय, नुसता रंग मारून "हेवी ड्यूटी" लिहिलेलं नाही, हे इथेच कळलं.

खरी किंमत मात्र शॉकअपची आहे. गाडी 30 मिमी वर गेली की चाक खाली लोंबण्याची हालचाल तेवढीच घटते, आणि मूळ लांबीचा शॉकअप खड्ड्यात पूर्ण ताणून "ठक" करतो. हे शॉकअप लांब आहेत आणि परतीचा दाब, म्हणजे दबलेली स्प्रिंग उसळताना होणारा अटकाव, मऊ स्प्रिंगेला जुळवलेला आहे. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा बसते आणि तिथेच थांबते. नुसत्या मऊ स्प्रिंगा घालून जुने शॉकअप ठेवायचा विचार कोणी करत असेल तर करू नका.

बसवण्याबद्दल, कारण निम्मं काम तिथेच आहे. ज्या कारागिराने हे केलं त्याने लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या बुशांचे (सांध्यांतल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवली, गाडी दोनदा दाबून सोडली, मग आवळले. लटकत्या अवस्थेत आवळलं की बुशातलं रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग गाडी नवी स्प्रिंग असूनही कडक वाटते आणि बुश लवकर फाटतात. त्याने मागच्या ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्हही पुन्हा लावला. गाडी उचलल्यामुळे बीम बॉडीपासून खाली गेला की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा दाब कमी करतो. हे न सांगता करणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबवून तपासले, अलाइनमेंट झालं, हेडलाइट खाली घेतले.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने फरक पडतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. संचावर 30 मिमी उंची लिहिलीय. स्प्रिंगा बसल्यावर मला पुढे 26, मागे 31 मिळाले. पुढे थोडं कमी आहे, पण रिकामी गाडी किंचित नाकावर दिसली तरी पेट्या भरल्या की सरळ होते, म्हणून तक्रार नाही.

तक्रारी वेगळ्या आहेत. वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मूळचाच आहे, त्यामुळे उलटण्यासारखं काही वाटत नाही, पण मागे बसलेल्याला जाणवतं. मोकळ्या हमरस्त्यावर आडवा वारा आला की स्टिअरिंग धरून राहावं लागतं. ड्राइव्ह शाफ्टचा (चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढलाय. आत्ता आवाज नाही, पण याहून जास्त उंची या गाडीला मी देणार नाही. आणि मागच्या स्प्रिंगांच्या तळच्या वेढ्यावरचा रंग पहिल्याच पावसाळ्यात सोलला, तो पुन्हा मारून घेतला.

टायरचंही सांगते, कारण मऊपणाचा बराच भाग तिथून फुकट मिळतो. 205/55 आर16 काढून 195/65 आर15 घातले (आकडे अनुक्रमे रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण बाजूची भिंत 14 मिमी उंच. बारीक खडीची थरथर स्प्रिंगेपेक्षा यानेच जास्त कमी झाली. रिम लहान करण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरवरून (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावरून) जाते का, एवढं पाहून घ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण रंगाचा कापला.