फुल इंजिनचे पैसे, हाफ इंजिनचं काम

गाडीखाली पाठीवर झोपून, टॉर्च दातांत धरून इंजिनच्या केसचे, म्हणजे खालच्या धातूच्या खोक्याचे, बोल्ट बघत होतो, तेव्हा कळलं की आपल्याला गंडवलंय. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून केसपर्यंत मरून नेलपॉलिशची बारीक रेघ होती. ती मीच ओढलेली, ४ वर्षांपूर्वी, बोल्ट ढिला पडला तर लगेच दिसावं म्हणून. एकही रेघ तुटलेली नव्हती. आणि ज्या मिस्त्रीला मी फुल इंजिनचे, म्हणजे केस उघडून आतलं सगळं काम करण्याचे, पैसे मोजले होते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे इंजिन त्याने "पार खालपर्यंत सोडवून पेट्रोलने धुतलं" होतं.

गाडी आरडी ३५०. यामाहाने १९७३ मध्ये आणलेलं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. ३४७ सीसी, ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५४ स्ट्रोक (पिस्टनची धाव). आधीच्या मालकाने सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर जाण्यायेण्याची भोकं, घासून मोठे केले होते. मी त्यावर एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर असलेले एक्झॉस्ट पाइप) आणि उघडे फिल्टर चढवले, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट मोठे टाकले. म्हणजे गाडी जुनी आणि वर मॉडिफाय केलेली. हे दोन शब्द पुढे माझ्याच तोंडावर फेकले गेले.

मोकळा रस्ता होता, पाचवा गिअर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकदम जोर गेला, आवाज बदलला, डावा सायलेन्सर फुसफुसायला लागला. क्लच दाबून कडेला घेतली. डावा प्लग काढला तर टोकाला चांदीसारखे बारीक थेंब चिकटलेले. ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनच. हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्याला करंगळीचं टोक जाईल एवढं भोक, आणि एक्झॉस्टकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी. उजवा पिस्टन दिसायला बरा होता.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी फसवणूक याच जागेवर झाली. पिस्टनला भोक पडलं की वितळलेलं ॲल्युमिनियम वर राहत नाही, खाली क्रॅंककेसमध्ये जातं, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, क्रॅंक, ज्यात असतो त्या केसमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये क्रॅंकला वेगळं ऑइल नसतं, फिल्टर तर नसतोच. पेट्रोलबरोबर जे तेल येतं तेवढ्यावरच कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग चालतं, आणि तिथेच हा चुरा जाऊन बसतो. उरलेला ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे केसमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांनी, मिश्रणाबरोबर परत वर येतो आणि नव्या पिस्टनला खरवडतो. म्हणून भोक पडलेल्या इंजिनाला नुसतं हाफ इंजिन, म्हणजे बोअर-पिस्टन-रिंगा, पुरत नाही. केस उघडून क्रॅंक बाहेर काढावाच लागतो.

हे मला माहीत होतं. मिस्त्रीलाही माहीत होतं, त्यानेच मला उलट समजावून सांगितलं. म्हणूनच तर विश्वास बसला. "साहेब, या गाडीला हाफमध्ये हात लावायचा म्हणजे पाप. फुलच करू. चारही मेन बेअरिंग, दोन्ही सील, दोन्ही पिस्टन." वर गाडीभोवती एक फेरी मारून, टाकीवरून हात फिरवून, "असे चेंबर बघितले नव्हते हो," असंही म्हणाला. मी तिथेच विरघळलो. सुटे भाग आधी आणावे लागतात म्हणून सगळे पैसे आगाऊ मागितले, ते दिले. बिलावर एकच ओळ: इंजिन काम, फुल. कुठला भाग, किती, कोणत्या मापाचा, काही नाही.

गाडी मिळाली तेव्हा सिलिंडरला नवा काळा रंग, फिन चकचकीत, हेडचे नट नवे. मी वरचंच बघत राहिलो. सोबत एक पिशवी दिली, "तुमचे जुने पार्ट." त्यात दोन बेअरिंग आणि दोन सील. घरी आल्यावर ती पिशवी मी कपाटाखाली सरकवली. तेव्हाच उघडून बघितली असती तर? या इंजिनात मेन बेअरिंग, म्हणजे क्रॅंकला धरून ठेवणारी, चार असतात. आतली दोन क्रॅंक प्रेसवर दाबून सुटा केल्याशिवाय निघतच नाहीत. पिशवीतली दोन्ही माझ्या क्रॅंकवर बसतील अशा मापाचीसुद्धा नव्हती. कुणाच्या तरी चाकातली असावीत.

रनिंग-इन, म्हणजे काम झालेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवून बसवणं, मी जपून केलं. पण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं, दोन-तीन सेकंद वरच लटकायचं. फोन केला तर, "कार्ब्युरेटर सेट व्हायला वेळ लागतो, आणा, जेट बदलून देतो." जेट एक नंबर मोठा टाकून दिला. लटकणं कमी झालं आणि मी गप्प बसलो. हा माझा शुद्ध मूर्खपणा. आयडलला असं लटकणं म्हणजे कुठून तरी चोरटी हवा शिरतेय, मिश्रण पातळ होतंय. आणि पातळ मिश्रण म्हणजे जादा उष्णता, म्हणजे बहुधा ज्याने पहिला पिस्टन गेला तेच कारण. मोठ्या जेटने आजार बरा होत नाही, फक्त ताप उतरल्यासारखा वाटतो.

चारशे किलोमीटर व्हायच्या आत खालून डाव्या बाजूला खडखड सुरू झाली. मग मी गाडीखाली झोपलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशीच डाव्या बाजूचं कव्हर काढलं. अल्टरनेटरमागे काळपट, तेलकट ओल. हा भाग कोरडा असायला हवा. त्या बाजूचं क्रॅंक सील, म्हणजे क्रॅंकच्या टोकाशी हवा अडवणारी रबरी कडी, गेलेलं होतं आणि ते बदललेलंच नव्हतं. बदलणार कसं? या सीलच्या कडेचा कंगोरा केसच्या खाचेत बसतो. केस न उघडता ते नीट निघत नाही, बसत तर नाहीच.

मग हेड काढलं. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा, म्हणजे तो मूळ मापापेक्षा किती मिलिमीटर मोठा याचा, आकडा कोरलेला असतो. डाव्यावर ०.५०. उजव्यावर ०.२५, म्हणजे माझाच जुना, तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलेला. ब्रशचे गोल ओरखडे स्पष्ट दिसत होते.

बोअरिंग कुणाकडे केलं हे मिस्त्री मागे बोलता बोलता सांगून गेला होता. त्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने वही उघडली आणि सरळ सांगितलं, "एकच सिलिंडर आलं होतं." माणूस प्रामाणिक, आणि काम खरंच सुरेख होतं. पोर्ट रुंद केलेले असले की बोअरनंतर त्यांच्या कडांना हलकी चॅम्फर (तिरका उतार) द्यावी लागते, नाहीतर रिंग पोर्टमध्ये फुगते, कडेला अडकते आणि तुटते. ती त्याने न सांगता दिली होती. पूर्ण प्रकरणात एवढं एकच काम नीट झालं.

मिस्त्रीपुढे नेलपॉलिशचे फोटो ठेवले. तो जराही गडबडला नाही. "जुनी गाडी आहे साहेब. त्यात तुम्ही मॉडिफाय केलीय. कंपनी फिटिंग असती तर शब्द दिला असता." बोल्टचं विचारलं तर पोरावर ढकललं. पैसे परत मागितले तर म्हणाला, गाडी सोडून जा, बघू. गाडी सोडली नाही. पैसे गेले.

मॉडिफाय गाडीवाल्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण ते ऐकायला मिळणारच. त्याला उत्तर तोंडी देता येत नाही, कामाच्या आधीच तयार ठेवावं लागतं. बोल्टवर खूण करा आणि तिचा तारखेसकट फोटो काढा. केस उघडलेली असताना स्वतः जाऊन बघा. "उद्या या" म्हणाला तर उद्या जा. नवे पिस्टन बसवण्याआधी हातात घ्या, माथ्यावरचा आकडा वाचा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने गॅप समोर मोजायला लावा. कुरकुरला तर तिथूनच गाडी उचला. आणि प्रेशर टेस्ट मागा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून आत ६ पीएसआय हवा भरायची आणि ६ मिनिटं काटा बघायचा. या इंजिनात दोन्ही सिलिंडरची तोंडं एकदम बंद करावी लागतात, कारण मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं, म्हणजे न टेकणाऱ्या बारीक खाचांचं, असतं आणि हवा एकीकडून दुसरीकडे जाते. ही टेस्ट म्हणजे काय, असं जो विचारेल त्याला टू-स्ट्रोक देऊ नका. पैसेही टप्प्याने द्या, खालच्या कामाचे केस उघडी बघितल्यावरच.

शेवटी केस मी स्वतः उघडली. डाव्या रॉडच्या बेअरिंगचा पिंजरा दोन ठिकाणी चिरलेला, सुयांमध्ये राखाडी चुरा. सील हातात घेतलं तर त्याची ओठासारखी कड प्लास्टिकसारखी कडक झालेली आणि आतली बारीक स्प्रिंग जागेवरून सुटलेली. क्रॅंक सध्या दुसऱ्या एका माणसाकडे आहे, प्रेसवर. परवा तिथे गेलो तर रॉड मोकळे करून टेबलावर मांडून ठेवले होते, आणि तो म्हणाला, खुर्ची घ्या, तुमच्यासमोरच जोडतो.